अणू फुटेल म्हणून अडलेली विहीर

आमच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर चहाच्या कपात थर्मामीटर बुडवल्याशिवाय चहा पीत नसत. थर्मामीटर प्रयोगशाळेतला. सकाळच्या तासाला तो कशाकशात बुडून आलेला असे, ते विचारण्याची आमची कुणाची छाती नव्हती. शिक्षकांच्या खोलीत आम्ही नाकं मुरडायचो. ते शांतपणे पारा खाली येण्याची वाट पाहत आणि म्हणत, "तुम्हाला चहा गरम होता हे जीभ पोळल्यावर कळतं. मला आधी कळतं." मग घोट घेत आणि हमखास जीभ पोळून घेत, कारण वाद घालण्याच्या नादात ते पारा वाचायचंच विसरत.

मी त्याच शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, सगळे हुकूम नागपूरहून यायचे. पण ड्रॉइंग हा विषय असून नसल्यासारखा, त्यामुळे माझ्या वाट्याला हुकूम येत नसत. अमरावतीत माझ्याइतका मोकळा माणूस मास्तरांना दुसरा दिसला नसावा. त्यांनी मला धरलं ते धरलंच. ते मला 'चित्रकार' म्हणत. त्यात कौतुक किती आणि थट्टा किती, हे मला अकरा वर्षांत कळलं नाही.

शाळेत ते पुस्तकी मराठी बोलत. फाटकाबाहेर पाऊल पडलं, की दर्यापूरकडची वऱ्हाडी सुरू. त्यांचं म्हणणं, शाळेतली भाषा ही कोटासारखी आहे, घरी गेल्यावर काढून ठेवायची. प्रत्यक्षात कोट मात्र ते कधीच काढत नसत. वैशाखातसुद्धा नाही. त्याच्या खिशांत खडू, भिंग, लोहचुंबक, एक वाळलेली पाल आणि शेंगदाणे असा ऐवज असे. शेंगदाणे ते आग्रहानं वाटत. घेताना आपण काय उचलतो आहोत याची खात्री करून घ्यावी लागे.

एकदा वर्गाला वाफेची शक्ती दाखवायची म्हणून त्यांनी मुलांना बडनेऱ्याला नेलं. गाडी पाणी घ्यायला थांबली, तशी स्वारी इंजिनावर चढली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, जरा या पोराइले शिट्टी कशी वाजते ते समजावून सांगा." ड्रायव्हर बिचारा समजावू लागला. मास्तर मधेच म्हणाले, "नाई, हे चूक हाये," आणि त्याला त्याचंच इंजिन समजावून सांगू लागले. गाडी उशिरा सुटली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावून घेतलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "ड्रायव्हर आता जास्त चांगली शिट्टी वाजवतो, तुम्ही ऐकून या."

लढाई संपता संपता जपानवर ते दोन बॉम्ब पडले. बातमी आमच्याकडे वर्तमानपत्रातून आली तेवढी आली, बाकीची बाजारातून आली. कुणी म्हणे, त्या बॉम्बचा धूर येत्या पावसात मिसळून येणार आणि कपाशी जळणार. कुणी म्हणे, साहेबानं एक डबी केली आहे, ती उघडली की गाव गायब. एक बुवा अणूपासून वाचवणारे ताईत विकू लागला. मास्तरांनी त्यातला एक आणून शिक्षकांच्या खोलीत फोडला. आत लवंग निघाली. ती त्यांनी चहात टाकली आणि शाळेतली भाषा विसरून जाहीर केलं, "चित्रकार, लोक भेऊन राह्यले. भेव इकत घेऊन राह्यले. अणू म्हंजे काय, हे आता आपनच घरोघर सांगा लागते."

पहिली सभा अमरावतीत. पाटी मास्तरांनी स्वतः लिहिली होती: 'अणुशक्ती : एक शास्त्रीय विवेचन'. श्रोते तीन आले. पैकी एक शाळेचा शिपाई होता, त्याला सतरंजी परत न्यायची होती.

त्या रात्री त्यांना झोप लागली नसावी. सकाळी ते माझ्या घरी आले आणि कोटाच्या खिशातून कपाशीचं बोंड काढून माझ्यासमोर ठेवलं. "हा अणू," ते म्हणाले. "मधात सरकी, भोवती रुई. रुई हलकी, सारं वजन सरकीत. सारी शक्तीबी सरकीत. काढ." मी काढला. एक, दोन, असे सात मोठे तक्ते झाले. मी उगीच मोठेपणा सांगत नाही, पण बोंड मी झकास काढलं होतं. बायका पुढे होऊन हात लावून पाहत.

मोहिमेला खरा रंग चढला तो अकोल्यात. मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. एक अणू फुटला की दुसरे कसे फुटत जातात, हे मास्तरांना करून दाखवायचं होतं. त्यांनी बोरांची टोपली विकत घेतली आणि जमलेल्या प्रत्येकाच्या हातात दोन दोन बोरं दिली. नियम एकच. ज्याला बोर लागेल, त्यानं आपली दोन्ही बोरं दोघांना मारायची. मग स्वतः एक बोर उचलून समोरच्या पागोटेवाल्या अडत्याला नेम धरून मारलं.

पुढचं सांगायला मला शब्द नाहीत. बोरं संपली, तशी लोकांनी पडलेली बोरं उचलली. ती संपली, तेव्हा पलीकडे वांग्यांचे ढीग होते. वांगी आणि टमाटे विकायला बसलेल्या माळणी आधी ओरडल्या आणि मग त्यांनीही फेकायला सुरुवात केली, कारण त्यांनाही लागलं होतं आणि नियम त्यांनीही ऐकला होता. शेवटी जमादार आला. "पह्यलं कोनं मारलं?" तो गरजला. मास्तरांच्या कपाळावरून टमाट्याचा रस ओघळत होता आणि चेहऱ्यावर असा आनंद, की मुलगा झाल्यासारखा. ते म्हणाले, "जमादार, हेच त मी सांगून राह्यलो! पह्यला एकच असते. मंग कोनाच्या हातात राह्यत नाई." जमादारानं वाकून खाली पडलेलं एक बोर उचललं, शर्टाला पुसलं आणि खाल्लं.

त्याच सभेत माझ्या मनात एक काटा रुतला. सहावा तक्ता होता तो. त्यात असं होतं, की कोणताही अणू उठसूट फुटत नाही. युरेनियम नावाचा एक जड धातू आहे, त्याचाच फुटतो, आणि तोही फार खटपटी केल्यावर. तो धातू मी कधी पाहिला नव्हता. मी आपला एक काळा ओबडधोबड गोळा काढून त्याला छाया दिली होती. तो तक्ता उघडल्याबरोबर मागून कुणीतरी विचारलं, "हा बटाटा काहून काढला जी?" आणि जुनं शहर हसलं. मी परत आल्यावर तो तक्ता गुंडाळून कपाटाच्या मागे टाकला. मास्तरांना सांगितलं, फाटला. शिवाय वर म्हणालो, त्या नावाला लोक जांभया देतात, तो भाग तोंडीच सांगा. ते म्हणाले, "बरं, तोंडी सांगतो."

पुढची सभा तिवशाजवळच्या एका गावात होती. संत्र्याच्या बागा, भाजीचे मळे, बाकी काळी कसदार जमीन. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं आम्ही दुपारी पोचलो. मारुतीच्या पारावर सगळं गाव जमलेलं. मास्तरांना त्या दिवशी सूर लागला होता. त्यांनी मातीचं ढेकूळ हातात घेतलं आणि म्हणाले, "या एका ढेकळात इतकी शक्ती हाये, का अमरावतीतले सारे दिवे बारा मह्यने जळतीन. फक्त आतला अणू फुटला पायजे." लोक ढेकळाकडे असे पाहू लागले, की जणू आत्ता ते बोलणार. त्या भरात तोंडी सांगायचं ते राहून गेलं. मी बाजूला उभा होतो. माझ्या लक्षात आलं होतं. मी गप्प बसलो.

सभेनंतर परीक्षा, ही मास्तरांची पद्धत. श्रोत्यांतल्या सगळ्यांत गप्प माणसाला उभं करायचं आणि त्याच्याकडून सगळं वदवून घ्यायचं. मग पाटीवर दहापैकी मार्क. एका गावच्या पाटलाला त्यांनी एकदा तीन दिले होते आणि त्यामुळे आम्हाला त्या गावात जेवण मिळालं नव्हतं. इथे त्यांनी सोनाबाईला उठवलं. ती संत्र्याच्या बागेवाल्या किसन माळ्याची बायको. आधी पदर तोंडाला लावून उभी राहिली, मग बोलू लागली.

"बोंडात सरकी असते, तसं अणूच्या पोटात बी असते. त्याले बाहेरून काही लागलं, का ते फुटते. फुटलं का त्यातून दोन छर्रे निघतात. ते दुसऱ्या दोघाइले लागतात. दोनाचे चार, चाराचे आठ. थांबोतो म्हनलं तरी थांबत नाई. आन् जे काही हाये, माती, गोटा, झाड, मी, तुमी, हे सारं अणूचंच हाये."

मास्तरांनी दहापैकी दहा दिले. असे त्यांनी मॅट्रिकच्या वर्गालाही कधी दिले नव्हते. परतीच्या मोटारीत ते दोनदा म्हणाले, "माती, गोटा, झाड, मी, तुमी. काय बोलली, चित्रकार!"

पंधरा दिवसांनी किसन शाळेत आला. डोक्याचं मुंडासं हातात, चेहरा उतरलेला.

"गुर्जी," तो म्हणाला, "माही बायको तुमच्या परीक्षेत पास झाली, आन् माही बाग नापास होऊन राह्यली."

गोष्ट अशी होती. संत्र्याला आंब्या बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा, घ्यायचा, तर हिवाळ्यात झाडांचं पाणी मुद्दाम तोडतात. पानं मलूल होतात, झाड तहानेलं होतं. यालाच ताण देणं म्हणतात. मग नेमक्या वेळेला पाणी सोडलं, की झाड फुलानं लदबदतं. वेळ चुकली, तर फूल जातं आणि फारच चुकली तर झाडही जातं. किसनच्या बागेचा हा पहिलाच बहार. ताण पुरा होत आला आणि विहिरीनं तळ गाठला. खाली काळा पाषाण लागलेला. तो सुरुंगानं फोडायचा, म्हणून यल्लप्पा नावाचा सुरुंगवाला बोलावला. त्यानं पहारीनं भोकं पाडली, दारू ठासली, वात लावली. आणि सोनाबाई विहिरीच्या काठावर उभी राहिली. फोडायचं नाही म्हणाली. गोट्यातला अणू फुटेल, एकाचे दोन, दोनाचे चार, गाव जाईल. आधी लोक हसले. मग तिनं बोंड हातात घेऊन त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. आता गावच सुरुंग लावू देत नव्हतं.

"सेजाऱ्याची इहीरबी आटली," किसन म्हणाला. "पानी उसनं आनाव त कोठून आनाव? चार-सहा दिवस झाड तग धरन. मंग काड्या."

मास्तरांचा चेहरा मी कधी एवढा पडलेला पाहिला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे कपाळावर हात मारून घेतला. "युरेनियम," ते म्हणाले. "मी सांगितलंच नाही." हेडमास्तरांना न विचारता ते मोटार अड्ड्याकडे निघाले. मी मागोमाग. मोटारीत मी कबूल केलं, की तक्ता फाटला नव्हता, बटाट्याची लाज वाटून मी दडवला होता आणि पारावर आठवण असून बोललो नव्हतो. ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "तोंड त माहं होतं ना." याहून जास्त कधीच काही बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

विहिरीपाशी सगळं गाव जमलं. यल्लप्पा लिंबाखाली विडी ओढत बसला होता, चार दिवसांपासून. "तीस वर्सं दगड फोडून राहिलो," तो कुरकुरला, "मला एकदा बी अणू भेटला नाही."

मास्तर उभे राहिले आणि आधी म्हणाले, "माही चूक हाये. मी अर्धं शिकवलं." मग उरलेलं अर्धं सांगितलं. सुरुंगानं गोट्यापासून गोटा सुटतो, अणूच्या पोटापर्यंत ते पोचत नाही. शिवाय आपला हा गोटा फुटणाऱ्यांपैकी नाहीच.

सोनाबाई लक्ष देऊन ऐकत होती. तिच्यामागे बाग दिसत होती. पानं वळून मिटलेली, झाडं अशी उभी, की पाहवत नव्हती.

"गुर्जी, हे तुमी पाह्यलं का?" तिनं विचारलं.

"नाई. वाचलं."

"अर्धं इसरले, ते बी वाचलेलंच होतं?"

"हो."

"मंग अजून काही इसरले असान तर?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "झाडं माह्या हातानं लावली जी मी. डोक्यावर घागरी आनून जगवली. मले का हौस हाये? पन माही झाडं मेली त माही मेली. गाव कसं घालू त्यात? लोकाइचे लेकरं हायेत."

मला तिथे उभं राहवेना. एका बटाट्याच्या लाजेपायी मी काय करून बसलो होतो. तिचा नवरा खाली पाहत होता. त्यानं तिला एका शब्दानं दटावलं नाही, हेही मला तेव्हा जाणवलं.

मास्तरांना एकदम वीरश्री चढली. "मी इहिरीच्या काठावर बसतो," ते म्हणाले. "लावा बत्ती. मले काही झालं नाई, म्हंजे झालं."

"तुमी तिथं बसून काय उपेग?" सोनाबाई म्हणाली. "फुटला त सारेच जाऊ. पाहाले कोन उरन?"

गाव हसलं. यल्लप्पाही हसला. मास्तर नाही हसले. ते म्हणाले, "बरोबर हाये," आणि खाली बसले. तर्कात हरल्यावर माणसाचा मान जातो, पण मास्तरांचा असा कधी जात नसे. ते हरलेल्या जागेवरून नव्यानं विचार करायला लागत. जरा वेळानं उठले. "सोनाबाई, गावाची जुनी इहीर कोठं हाये?"

सगळा लोंढा गावविहिरीकडे निघाला. बायका पाणी शेंदत होत्या, त्या बाजूला झाल्या. मास्तर म्हणाले, "मी काही सांगत नाई. तुमीच पाहा. भिंतीवर काय दिसते?"

सोनाबाईनं पदर खोचला, वाकून पाहिलं. उतरत्या उन्हात खालच्या दगडावर उभ्या पन्हळी दिसत होत्या. बांगडीच्या अर्ध्या तुकड्याएवढ्या खोल, सरळ.

"हे काय हाये?"

"भोकं," यल्लप्पा म्हणाला. "सुरुंगाचे. अर्धं भोक दगडासंगं उडते, अर्धं भिंतीले राहते."

ती मोजू लागली. एका बाजूला मोजलं, दुसऱ्या बाजूला गेली, पुन्हा वाकली. मधेच तिची मोजणी चुकली, तेव्हा एका म्हातारीनं पुढचा आकडा सांगितला. म्हणजे ती म्हातारीही मनात मोजत होती.

"इतक्या येळा फुटला सुरुंग इथं?"

"हो."

"हाच गोटा? माह्या इहिरीतला?"

"काळा पाषान. तोच," यल्लप्पा म्हणाला.

"दारूबी हेच?"

"हेच."

ती सरळ उभी राहिली. मास्तरांकडे तिनं पाहिलंही नाही. गावाकडे वळली. "पाहा बापा," ती म्हणाली, "आपल्या आज्या-पंज्यानं इतक्या येळा गोटा फोडला आन् गाव इथंच हाये. ज्याले पटत नसन, त्यानं वाकून पाहाव." मग एकेक जण येऊन खरंच वाकून पाहू लागला. जवळजवळ सगळ्या गावानं त्या दिवशी विहिरीत डोकावलं. दिवस बुडायला आला होता, म्हणून बत्ती दुसऱ्या दिवशी सकाळी लावायचं ठरलं.

सकाळी वात पेटली. यल्लप्पा ओरडत पळाला, आम्ही बांधाआड बसलो. आणि तेव्हा माझा दंड कुणीतरी घट्ट धरला. मास्तर. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. मी पुटपुटलो, "मास्तर, आपल्याला माहीत आहे ना?" ते म्हणाले, "माहीत हाये. तरी धर." दणका झाला. धोंडे उडाले, धूर आला, झाडांवरचे पोपट उठले. त्यानंतर गाव होतं तिथेच राहिलं.

आठ दिवसांनी, रविवारी, आम्ही पुन्हा गेलो. दगड काढल्यावर खालून झरा लागला होता. मोट सुरू होती. बैल येत-जात होते आणि पाटातून पाणी चकाकत बागेत चाललं होतं. मास्तरांनी आल्या आल्या तांब्याभर पाणी मागितलं. सोनाबाई म्हणाली, "थांबा जी. अजून झाडाइचं झालं नाई," आणि त्यांना तहानलेलेच ठेवून फावड्यानं माती ओढत राहिली. किसननं हळूच मला डोळा घातला.

मग ती म्हणाली, "गुर्जी, त्या दिशी जे राह्यलं होतं, ते आता सांगा. आता कटकट नाई. सारं पानी होयेपर्यंत येळ हाये."

मास्तरांनी वहाणा काढून हातात घेतल्या. ती पुढे, पाट वळवत. ते तिच्या मागे, चिखलातून, कोटासकट. मी सर्वांत मागे, नवा सहावा तक्ता छातीशी धरून. या खेपेला गोळा बरा जमला होता. एका झाडाच्या आळ्यात पाणी भरलं, की ती थांबे, ऐके, मान हलवी, आणि पुढच्या झाडाकडे जाई. मास्तरांनी त्या धातूचं सगळं सांगितलं. जमिनीतच सापडतो, कुठे कुठे सापडतो, किती जड असतो, त्याचाच अणू कसा फुटतो आणि एकाचे दोन कसे होतात.

सातव्या की आठव्या झाडाशी ती थबकली. फावडं तसंच टेकवून उभी राहिली.

"म्हंजे तो धातू जमिनीत पडूनच हाये? पह्यल्यापासून?"

"हो."

"आन् एक फुटला का दुसरा फुटते?"

"हो."

"मंग तो आतापर्यंत तिथं पडल्या पडल्या आपल्याआप काहून नाई फुटला?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता येईल उत्तर. चिखल पायांवरून घोट्यापर्यंत चढत होता. मग, अकरा वर्षांत मी जे एकदाही ऐकलं नव्हतं, ते त्या संत्र्याच्या बागेत ऐकलं.

"हे मले माहीत नाई," ते म्हणाले.

"मंग पुसून या," सोनाबाई म्हणाली आणि तिनं पाणी पुढच्या झाडाला वळवलं.

सोमवारी शाळेत मास्तर नव्हते. हेडमास्तरांच्या टेबलावर त्यांचा रजेचा अर्ज होता, दोन ओळींचा. 'नागपूर येथे एक प्रश्न विचारण्याकरिता जाणे आहे. प्रश्न माझा नाही, तरी रजा मंजूर व्हावी.' हेडमास्तरांनी तो नामंजूर केला, पण तोवर ते बडनेऱ्याहून गाडीत बसले होते.